उणे एकशे शहाण्णव

"ताई, हा नको. हा पाच मिनिटांत जळेल," हर्षद म्हणाला आणि मदरबोर्डचा खोका त्यानं काउंटरवरून माझ्याकडे परत सरकवला.

दोन हजार बारा सालचा ऑगस्ट होता. संगमनेरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान होतं, अजूनही आहे. हर्षद माझा धाकटा भाऊ. तेव्हा बावीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात दोनदा अडकून घरी बसलेला. घरात आम्ही तिघंच होतो: तो, मी आणि आमचे वडील अण्णा. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. माझं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं, पण ती गोष्ट वेगळी.

"जळायला काय झालं? गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं हाच वापरतात," मी म्हटलं.

"गिऱ्हाइकं प्रोसेसर कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगानं चालवतात. मला जवळजवळ दुप्पट पळवायचाय." त्यानं बोर्ड बाहेर काढला आणि प्रोसेसर बसतो त्या चौकोनाच्या कडेला बोट ठेवलं. "ह्या बघ वीज पोचवायच्या वाटा. इथं चारच आहेत. एवढा लोंढा चार वाटांनी सोडला तर वाटाच वितळतील. मला आठ वाटांचा पाहिजे. आणि अतिथंडीत सुरू व्हायचा वेगळा स्विच असतो, तो असलेला."

प्रोसेसरला त्याच्या नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्याची ऑनलाइन स्पर्धा होती. घरी बसून करायचं, आकडा पडद्यावर आला की त्याचा फोटो पाठवायचा. पहिल्या तिघांना बंगळूरला अंतिम फेरी, आणि तिथून नोकरीही लागते असं हर्षद सांगायचा. नापास झाल्यापासून तो माझ्या नजरेला नजर देऊन बोलत नव्हता. त्या दिवशी बोलत होता. मी पुण्याच्या व्यापाऱ्याला तिथूनच फोन लावला आणि आठ वाटांचे दोन बोर्ड मागवले. एक हर्षदसाठी. दुसरा कडलग फोटोवाल्यांच्या नवीन मशीनसाठी, त्यांनाही तसाच दणकट हवा होता.

"आणि थंड कशानं करणार?" मी विचारलं. "तो मोठा पंखा लावू?"

"पंख्यानं साडेचार गिगाहर्ट्झपर्यंत वेग जाईल. पाणी फिरवलं तर पाच. यादीत तिसरा आहे तो पावणेसातावर आहे, ताई."

"मग?"

त्यानं बॅगेतून एक तांब्याचं भांडं काढलं. उभं, जाड बुडाचं, पेल्याएवढं. लेथवाल्याकडून करून आणलं होतं. "हे प्रोसेसरवर आवळायचं, आणि यात अण्णांच्या कामातली वस्तू ओतायची."

अण्णा पशुधन पर्यवेक्षक होते. गावोगाव फिरून गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करायचे. त्यासाठीच्या वीर्यकांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतात, उणे एकशे शहाण्णव अंशांवर. ॲल्युमिनियमचे मोठ्या घागरीसारखे कंटेनर असतात. झाकण उचललं की पांढरा धूर कडेवरून खाली उतरतो आणि जमिनीवर पसरतो. लहानपणी आम्ही त्याला ढग म्हणायचो. अण्णा आम्हाला जवळ येऊ द्यायचे नाहीत.

जेवताना हर्षदनं विषय काढला. अण्णांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला.

"तो गायींचा आहे. सरकारचा आहे. खेळायला नाही."

"अण्णा, खेळ नाही हा. स्पर्धा आहे."

"त्याच्याशी स्पर्धा करायची नसते," अण्णा म्हणाले आणि उठले. ताटात अर्धी भाकर तशीच राहिली. एरवी ते अन्न टाकत नसत.

शुक्रवारी ते अकोले तालुक्यातल्या खेड्यांत जनावरांच्या वंध्यत्वाच्या शिबिराला गेले. रविवारी संध्याकाळी परतणार होते. शनिवारी सकाळी हर्षद रिक्षातून पस्तीस लिटरचा कंटेनर घेऊन आला. खरात म्हणून खाजगी रेतन करणारा एक जण होता, त्याच्याकडून. अण्णांना कळवायचं की नाही, हे त्यानं मला विचारलं नाही. मीही त्याला विचारलं नाही.

घरामागच्या बोळाला लागून एक लहानशी खोली होती. घरातून एक दार, बोळाकडे एक खिडकी, भिंतीवर मी दुकानातल्या मशिनींसाठी बसवलेला एसी. तिथं आम्ही टेबल मांडलं. दोघांनी मिळून बोर्डावर खोडरबर मळून चिकटवलं, कारण अतिथंड वस्तूवर हवेतलं पाणी जमतं आणि ते पाणी विजेच्या वाटांत शिरलं की संपलं. दुपारी पहिला डाव सुरू झाला.

ते भांडं पांढरं पडताना मी पाहिलं. आधी दव, मग बर्फाची साय, मग काट्यांसारखा बर्फ. हर्षद थर्मासमधून थोडं थोडं ओतायचा, भांडं चुरचुरायचं, आणि पडद्यावरचा आकडा चढायचा. पाच. साडेपाच. सहा. हर्षदच्या ओठांवर घाम होता आणि खोलीत थंडी होती. सहा पूर्णांक चारला "टक्" असा एक आवाज झाला, वाळलेली काडी मोडावी तसा. पडदा काळा झाला.

बोर्ड उलटा करून पाहिला तर खालून पाणी निथळत होतं.

"खिडकी," हर्षद म्हणाला. "उघडी होती. श्रावणातली हवा आहे ताई, नुसतं पाणी आहे हवेत."

तो जमिनीवर बसला. गुडघ्यांत डोकं घातलं. पुन्हा तोच नापास झालेला मुलगा. उद्या संध्याकाळी सहापर्यंतची मुदत होती आणि पुण्याहून उद्यापर्यंत काही येणार नव्हतं.

दुकानात कडलगांचा खोका होता. मी जाऊन घेऊन आले.

"ताई, हा दुसऱ्याचा आहे."

"म्हणून तर जाता कामा नये," मी म्हटलं. "उद्या पाण्याचा थेंब आत येऊ द्यायचा नाही."

रविवारी सकाळपासून मी त्या खोलीच्या मागे लागले. एसी कोरडी हवा करण्यावर लावला. खिडकीच्या फटींना पॅकिंगची तपकिरी चिकटपट्टी मारायला घेतली. दाराखाली सरकवायला जुनी गोधडी आणून ठेवली. हर्षद आत दुसऱ्या बोर्डावर खोडरबर लावत होता आणि शीळ घालत होता. खूप दिवसांनी मी त्याची शीळ ऐकत होते.

साडेअकराला माझा मोबाइल वाजला. अण्णा होते.

"खरात इथं भेटला शिबिरात. हर्षदनं कंटेनर नेलाय म्हणतो."

"हो, अण्णा."

त्यांच्या मागं गायी हंबरत होत्या.

"ज्योत्स्ना, नीट ऐक. त्याला सांग, खिडकी-दार सगळं सताड उघडं ठेव म्हणावं. स्वतःला कोंडून घेऊ नको. तो वायू हवेची जागा घेतो. त्याला वास नाही, रंग नाही. गुदमरल्यासारखंसुद्धा होत नाही. माणसाला कळतच नाही. ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"त्याला दे फोन."

"तो आंघोळीला गेलाय," मी म्हटलं.

"मग तू सांग. विसरू नको. इथली जनावरं उरकली की मी निघतोच."

"सांगते."

मी फोन ठेवला. दुसऱ्या हातात चिकटपट्टीचं रीळ होतं. खिडकीची एकच कड राहिली होती. मी बोर्डाकडे बघितलं, पाठमोऱ्या हर्षदकडे बघितलं. एसी चालू आहे म्हणजे हवा फिरतेच आहे, असं मला वाटलं. दोन-तीन तासांचं तर काम. मी पट्टी ओढली आणि शेवटची कड बंद केली.

बारा वाजता सुरुवात झाली. मी त्याच्या शेजारी उभी राहून तापमान वाचत होते. उणे ऐंशी. उणे एकशे वीस. बोर्ड कोरडा होता, अगदी खडखडीत. आकडा सहावर आला, सहा पूर्णांक चार ओलांडला, आणि हर्षदनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. पायाशी पांढरा धूर साचत होता. घोट्यांना गार लागत होतं. भिंतीच्या कोपऱ्यात एक पाल होती. ती वर वर सरकत छतापाशी गेली आणि तिथंच चिकटून राहिली. ते मी पाहिलं. त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

तीनच्या सुमाराला मला आकडे नीट दिसेनात. डोकं हलकं झालं होतं, आणि का कोण जाणे, हसू येत होतं. हर्षदही हसत होता.

"सकाळपासून काही खाल्लं नाहीये आपण," मी म्हटलं. "मी चहा टाकते."

"सहा-नऊ झालंय, ताई! चहा काय पितेस!"

"आलेच."

"दार लगेच लाव. ओल येईल."

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. दाराखालच्या फटीत गोधडी आतून परत सरकली, ते मी पाहिलं. स्वयंपाकघरात आल्यावर दोन मिनिटांत माझं डोकं ताळ्यावर आलं. भुकेनंच होतं, अशी माझी खात्री झाली. मी चहा टाकला. पोहेही टाकले. कांदा चिरताना मला आतून त्याची शीळ ऐकू आली. मग नाही आली.

पोहे परातीत भिजत होते तेव्हा बाहेर अण्णांची मोटरसायकल थांबली. ते हातपाय न धुता आत आले.

"हर्षद?"

"मागच्या खोलीत. अण्णा, सहा पूर्णांक नऊ..."

ते थांबले नाहीत. बोळात गेले. मी मागोमाग गेले. खिडकीच्या काचेवर आतून पांढरा दाट थर होता आणि कडेनं तपकिरी पट्टी. अण्णा त्या पट्टीकडे बघत राहिले. मग त्यांनी काचेवर बुक्की मारली.

"हर्षद! ए हर्षद!"

आतून एसीची घरघर तेवढी येत होती.

मी वळून दाराकडे धावले. दार ढकललं, गोधडी मागं सरकली, आणि माझ्या पायांवर थंड पाण्यासारखा धूर आला. हर्षद टेबलाखाली कुशीवर पडला होता. शेजारी कंटेनर आडवा झाला होता. मी एक पाऊल आत टाकलं आणि अण्णांनी मागून माझी वेणी धरून मला बाहेर खेचलं.

"सोडा! तो दिसतोय समोर!"

"आत जायचं नाही."

"अण्णा, तो मरेल!"

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच मारली. मी भिंतीवर आदळले. त्यांनी दार सताड उघडून त्याला बादली लावली, बोळात गेले, तिथला दगड उचलला आणि खिडकीची काच फोडली. मग परत दारात आले आणि उभे राहिले. नुसते उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

"अकरा, बारा, तेरा..."

मी त्यांच्या छातीवर बुक्क्या मारल्या. शिव्या दिल्या. माझा भाऊ सात-आठ फुटांवर पडला होता, त्याची बोटं निळी दिसत होती, आणि माझा बाप दारात उभा राहून मोजत होता. त्यांनी एका हातानं मला दाबून धरलं होतं. तो हात सुटला नाही.

चाळीस म्हटल्यावर त्यांनी मोठा श्वास घेतला, गाल फुगवून धरला, आणि आत गेले. हर्षदचे पाय धरून त्याला फरशीवरून ओढत बाहेर आणला. मग बोळात, उघड्यावर. तिथं त्यांनी त्याच्या तोंडात तोंड घालून फुंकायला सुरुवात केली.

नाशिकच्या हॉस्पिटलात हर्षद एकोणीस दिवस होता. पहिले सहा दिवस त्यानं डोळे उघडले नाहीत. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी आणि अण्णा एकमेकांशी न बोलता बसायचो. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "तुम्ही थांबलात. चाळीस आकडे थांबलात."

अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत बोलू लागले.

"मी नोकरीला लागलो त्या साली आमच्या गोदामात असंच झालं होतं. शिपाई आत पडला. त्याला काढायला स्टोअरकीपर गेला, तोही पडला. त्या दोघांना काढायला मी निघालो होतो, तर डॉक्टरसाहेबांनी मला पायात पाय घालून पाडलं. दोघंही गेले. दार-खिडकी उघडल्यावर आतला वायू निघायला तेवढे आकडे लागतात. तू आत गेली असतीस तर मला दोघांना ओढावं लागलं असतं. एका श्वासात एकच येतं."

मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"तू त्याला सांगितलं नव्हतंस ना?"

"नाही."

"पट्टी?"

"मी लावली."

त्यांनी मान हलवली. पुन्हा तो विषय त्यांनी माझ्याशी कधी काढला नाही.

हर्षद वाचला. पण जो परत आला तो थोडा उशिरानं चालणारा हर्षद होता. शब्द शोधावे लागायचे. उजव्या हाताची बोटं त्याचं ऐकायची नाहीत. स्क्रू धरता यायचा नाही. आणि शुक्रवारपासून पुढचं त्याला काहीच आठवत नव्हतं. बोर्ड जळालेला नाही, सहा-नऊचा आकडा नाही, काहीच नाही.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं. गादीवर बसला होता, मी त्याला वरण-भात भरवत होते.

"अण्णा... काय... झालं होतं?"

मी घास खाली ठेवला. तोंड उघडलं. पण अण्णा आधी बोलले.

"तू खिडकी बंद करून बसलास. मी ताईला फोन केला होता. तिनं तुला सांगितलंही होतं, उघडी ठेव म्हणून. तू ऐकलं नाहीस."

हर्षदनं माझ्याकडे बघितलं. मी घास उचलला आणि त्याच्या तोंडात दिला.

ते वाक्य आमच्या घरात बारा वर्षं राहिलं. अण्णांनी ते पुन्हा उच्चारलं नाही, मी खोडलं नाही. हर्षद हळूहळू माझ्या दुकानात येऊन बसू लागला. हातानं काम जमत नसलं तरी कुठल्या मशीनला काय लागेल हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. त्याचं लग्न जमलं नाही. मित्र सुटले. तो कधी तक्रार करायचा नाही. कुणी चिडवलं, कुणी हिशोबात फसवलं, तरी म्हणायचा, "माझंच... चुकलं असेल." मला ते ऐकू यायचं, आणि मी दुसऱ्या कामाला लागायचे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर कॉलेजातल्या दोन मुली दुकानात आल्या. त्यांना तसाच प्रोसेसर पळवून दाखवायचा होता, कॉलेजच्या प्रदर्शनासाठी. हर्षदनं बोर्ड दाखवले, वाटा मोजून दाखवल्या. मग एकीनं विचारलं, "दादा, नायट्रोजननं करता येतं का हो?"

मी आत बिल करत होते. माझा हात थांबला.

"येतं," तो म्हणाला. "पण... उघड्या अंगणात. खोलीत नाही. मी खोलीत केलं होतं." त्यानं उजवा हात वर करून दाखवला. "माझ्या ताईनं मला... सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मी मूर्ख होतो. सांगणारं माणूस घरात असून... माझ्यासारखा मूर्ख नाही."

हे तो पहिल्यांदा म्हणत होता असं नाही. मी आतून ऐकतेय हे मात्र त्याला त्या दिवशी माहीत नव्हतं. कुणासाठी बोलून दाखवत नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटत होतं, बारा वर्षं, रोज.

मुली गेल्यावर मी बाहेर आले.

"हर्षद, मी तुला सांगितलं नव्हतं."

"काय?"

"खिडकी उघडी ठेव म्हणून. अण्णांचा फोन आला होता. मी तुला सांगितलंच नाही. पट्टीही मीच मारली. बोर्ड भिजू नये म्हणून. मी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस."

तो माझ्याकडे बघत राहिला. एरवी त्याला शब्द सापडायला वेळ लागायचा. त्या वेळी तो शोधत नव्हता.

"अण्णांना..."

"माहीत आहे. पहिल्यापासून."

तो उठला. काउंटरच्या कडेला धरून बाहेर आला. भर दुपारी त्यानं दुकानाचं शटर ओढायला घेतलं. उजव्या हातानं ते येईना. मी पुढं झाले तर त्यानं मला कोपरानं बाजूला सारलं. डाव्या हातानं, दोन झटक्यांत, त्यानं ते खाली आणलं. मग घराच्या दिशेनं चालू लागला. मी दहा पावलं मागं. रस्त्यात तो एकदाही वळला नाही. तो काय करील, अण्णांना काय बोलेल, की माझ्यावर हात उगारील, मला काही सांगता येत नव्हतं. अण्णांचं वय तेव्हा सत्तर झालं होतं, आणि त्यांचं हृदय नाजूक होतं.

अण्णा पुढच्या दारात खुर्ची टाकून मेथी निवडत होते. हर्षद त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. अण्णांनी वर बघितलं, त्याच्या चेहऱ्याकडे, मग त्याच्या मागं मी उभी होते तिकडे. त्यांना सगळं कळलं. मेथीची जुडी मांडीवरून खाली पडली.

"ती पोरगी होती," अण्णा म्हणाले. "एक तर लग्न मोडून घरी आलेली. हेही तिच्या डोक्यावर बसलं असतं तर ती जगली नसती. तुला काही आठवत नव्हतं. मला वाटलं, तू सोसशील."

हर्षद खाली वाकला. मला वाटलं, आता हात उचलतो. पण त्यानं अण्णांच्या खुर्चीचे दोन्ही हात धरले, आणि आपला चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर आणला.

"अण्णा," तो म्हणाला, एकेक शब्द सुटा करून, "मी... मूर्ख... नव्हतो."

अण्णांचे ओठ हलले.

"नव्हतास, बाळा. कधीच नव्हतास."

हर्षद तिथंच पायरीवर बसला आणि ढसाढसा रडू लागला. बारा वर्षांत तो पहिल्यांदा रडत होता. मी त्याच्याजवळ जायला पाऊल उचललं. अण्णांनी माझ्याकडे बघून मान हलवली, थांब म्हणून. आणि या वेळी मी थांबले.